दोन इंच खाली

प्रविण : दोन इंच, मामा. जास्त न्हाई, फक्त दोन इंच खाली घ्यायची. स्प्रिंगा पुण्याहून मागवल्यात, ह्या खोक्यात हायत. तुमी नुसत्या बसवून द्या.

म्हाळू : खोकं खाली ठेवा आधी, जावईबापू. चहा घ्या. गाडी कुठं पळून चालली न्हाई.

प्रविण : पळते हो, पळायला काय धाड भरलीय तिला? वळत न्हाई, तीच तर बोंब हाय.

म्हाळू : योगिताचा फोन आलता सकाळी.

प्रविण : तुमाला? मला नुसता मेसेज केलाय, ‘चारच्या आत या, उद्या अमावस्या हाय.’ काय म्हणली?

म्हाळू : म्हणली, म्हाळूमामा, आज ते मला आन सायलीला न्यायला यायलेत. आधी मांजरसुंब्याला तुमच्या ग्यारेजवर येतील, मग मागं पालीला आमच्या घरी. तुमी गाडीखाली घुसून नीट बघा. तुमी हो म्हणला तरच मी तीन महिन्याचं लेकरू घिऊन त्या गाडीत बसणार. न्हाईतर आमच्या अण्णांचा पिकअप दारात उभाच हाय.

प्रविण : पिकअप? सायलीला पिकअपात? कांद्याच्या गोण्यासंगट?

म्हाळू : पुढच्या शिटावर बसतील की मायलेकी. तिचे अण्णा, भगवानराव, चाळीसच्या वर काटा जाऊ देत न्हाईत.

प्रविण : तसं न्हाई, मामा. सगळी पाली दारात उभी ऱ्हाईल बघायला. जावयाची चारचाकी पुढं रिकामी चाललीय, आन बायको-पोरगी मागून पिकअपात. माझ्या तोंडाला काय ऱ्हातंय मग? आबा, ऐकलं का तुमच्या सुनंचं?

गहिनीनाथ : ऐकलं. पिकअप चांगला असतोय. उंच असतोय.

म्हाळू : या की पाव्हणं, इकडं खाटेवर या. लिंबाखाली कावून उभे ऱ्हायलात? मेंढरं कुणाच्या जिवावर सोडली आज?

गहिनीनाथ : धाकट्या भावाकडं दिली. नातीला आणायचं म्हणल्यावर यावं लागतंय.

म्हाळू : मग गाडीतनं उतरताना दिसला न्हाईत ते?

गहिनीनाथ : मी यष्टीनं आलो. बीडला बदलली.

म्हाळू : अन् हे?

प्रविण : मी गाडीनं आलो. एकाच घरातून, एकाच टायमाला निघालो. यष्टीच्या मागं मागं मी. आबा पाच महिन्यापास्नं माझ्या गाडीत पाय ठेवत न्हाईत. विचारलं की म्हणतात, पट्ट्यानं गुदमरल्यागत होतंय. मागच्या शिटावर कुठं पट्टा लावायचा असतोय त्यांना, पण न्हाईच.

म्हाळू : बरं. मर्ज काय हाय गाडीचा? सावकाश सांगा.

प्रविण : बॉडी रोल. बेकार बॉडी रोल आहे. प्लस अंडरस्टिअर. टर्नमध्ये एंट्रीला फ्रंट ग्रिप देतच नाही, आणि एक्झिटला रिअर वॉलो करतो.

म्हाळू : आता हेच जनावराच्या डॉक्टरला सांगता तसं सांगा.

प्रविण : त्यांना पण असंच सांगतो मी. औषधं विकणाऱ्या एमआरला असंच बोलावं लागतं. बरं, ऐका. स्टिअरिंग हलकं लागतंय. पुढची चाकं रस्त्याला टेकल्यात का न्हाई असं वाटतंय. वळणात घातली की मागचं अंग डुलतंय, एकदा हिकडं, एकदा तिकडं. अन् स्पीडब्रेकर आला की मागून धाडकन आपटती.

म्हाळू : कवापास्नं?

प्रविण : चार-पाच महिने झाले. आधी थोडं होतं, मग वाढत गेलं. मी काही गप बसलो न्हाई, मामा. आमचा एक ग्रुप आहे मोबाइलवर, सगळे गाडीवाले, चारशे मेंबर. त्यावर व्हिडिओ टाकला. तीन दिवस चर्चा चालली.

म्हाळू : काय ठरलं पंचायतीत?

प्रविण : तीन स्टेज ठरल्या. पहिली, लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी दोन इंच खाली. खाली गेली की वजन खाली, वजन खाली की झुकणार न्हाई. दुसरी स्टेज, मागं जाड अँटी-रोल बार, दोन चाकांना जोडणारी दांडी असते ना, ती. आणि तिसरी, कॉइलओव्हर. त्यात स्प्रिंग आणि शॉकप एकत्र येतो, पाहिजे तेवढी उंची, पाहिजे तेवढा कडकपणा. रेसच्या गाड्यांना असतो.

म्हाळू : तुमची रेस कुणासंगट हाय?

प्रविण : कुणासंगट न्हाई. तत्त्वाची गोष्ट आहे.

म्हाळू : चारशेतल्या एकानं तरी गाडीखाली वाकून बघितलं का?

प्रविण : ते कसे बघणार? कुणी कोल्हापूरला, कुणी नागपूरला. पण अनुभवी आहेत सगळे.

म्हाळू : मग माझं ऐका थोडं, मी पण तीस वर्षं ट्रकचे कमानपाटे बसवलेत. स्प्रिंग खाली घेतली आन शॉकप जुनाच ठिवला तर गाडी वळणात झुकणार न्हाई हे खरं, पण सरळ रस्त्यावर उड्या मारंल. स्प्रिंगंला आवरायचं काम शॉकपचं असतंय. कडक स्प्रिंगंला नरम शॉकप म्हणजे रोजची कटकट. जाड दांडी घातली की एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्यालाही वढतंय. डांबरी रस्त्याला झकास. तुमच्या चकलांब्याच्या वस्तीचा रस्ता कसा हाय?

प्रविण : आहे आपला. कच्चा.

गहिनीनाथ : दोन चाकोऱ्या हायत, मधी गुडघाभर उंचवटा. उसाच्या ट्रॅक्टरनी केलाय.

म्हाळू : मग दोन इंच खाली घेतली तर त्या उंचवट्यावर गाडी पोटावर बसंल. चारी चाकं हवेत. मग गाडी फाट्यावर लावायची आन लेकीला खांद्यावर घिऊन चालत जायचं.

गहिनीनाथ : दीड कोस हाय फाट्यापास्नं.

प्रविण : आबा, तुमी मधी पडू नका. मामा, मग करायचं काय? अशीच डुलत ठेवायची का?

म्हाळू : कायदा असा हाय की आधी टायर बघायचे. मग हवा. मग बुश, बॉल जॉइंट, ही बारीकसारीक रबरं. मग अलाइनमेंट. मग शॉकप. आन येवढं करून भागलं न्हाई तर स्प्रिंग. तुमच्या चारशे जणांनी शेपटाकडून सुरवात केली. आन ह्या सगळ्याच्या आधी एक पार्ट बघायचा असतोय, पण तो दुकानात मिळत न्हाई.

प्रविण : कोणता?

म्हाळू : स्टिअरिंग धरणारा.

प्रविण : माझ्या ड्रायव्हिंगला काय झालंय? दिवसाला दोनशे किलोमीटर मारतो मी. आष्टी, पाटोदा, गेवराई. एक ओरखडा दाखवा. उलट लोक ओळखतात आता गाडीला. संध्याकाळचा येत असलो ना, तर समोरचा प्रत्येक गाडीवाला डिपर मारतो.

म्हाळू : डिपर मारतो?

प्रविण : प्रत्येक. ट्रकवाले, बसवाले, सगळे. मी पण हात करतो. ग्रुपवर सांगितलं तर म्हणले, रिस्पेक्ट हाय तो.

म्हाळू : अन् तुमच्या दिव्याचा उजेड कुठं पडतो, रस्त्यावर का झाडावर?

प्रविण : थोडा वर पडतो. शेंड्यावर. पण त्यानं लांबचं दिसतं.

म्हाळू : बरं. एवढा कप धरा, जावईबापू. मी जरा बोटं लावून बघतो. पुढं टायर आन मडगार्डच्या मधी… पाच बोटं. मोकळीचाकळी पाच बोटं. आता मागं येतो. मागं…

प्रविण : किती?

म्हाळू : एक बोट. ते पण करंगळी.

प्रविण : म्हणजे?

म्हाळू : म्हणजे मागून तुमची गाडी दोन इंच खाली झालेलीच हाय. पुण्याहून काही मागवायची गरज नव्हती.

प्रविण : स्प्रिंगा गेल्या असतील मागच्या. ग्रुपवर एकजण म्हणतच होता.

म्हाळू : स्प्रिंग अशी दोन्हीकडं मोजून सारखी जात न्हाई. काहीतरी वजन हाय. डिक्कीत काय हाय?

गहिनीनाथ : लोकर हाय.

म्हाळू : लोकर?

गहिनीनाथ : मेंढरांची. कातरलेली. इकायची हाय, पण सध्या भाव न्हाई. उघडू नका मिस्तरी, लई वास मारतीय. डोक्यात जातोय वास.

प्रविण : हो, आबांनी ठेवलीय. मी त्या वासामुळं डिक्कीला हातच लावत न्हाई, माझी औषधाची सॅम्पलं मागच्या शिटावर असतात. पण लोकरीचं वजन ते कितीक?

म्हाळू : बघू की, लोकर बघू. भाव न्हाई म्हणल्यावर गिऱ्हाईक तरी भेटंल.

गहिनीनाथ : मिस्तरी, चहा निवतोय तुमचा.

म्हाळू : मी गारच पितो, पाव्हणं. जावईबापू, ती खटकी वढा आतून. हां. उघडली. लोकर हाय खरी. ही घ्या, ही बाजूला ठिवा. अजून लोकर. ही पण. आन ही… ह्या लोकरीला शिवण हाय.

प्रविण : गोणी हाय ती. काय हाय गोणीत?

म्हाळू : हात घाला.

प्रविण : वाळू. मामा, वाळू हाय ही.

म्हाळू : हिच्या शेजारी दुसरी. आन हे खालचं पुठ्ठ्याचं झाकण उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात… तिसरी. झोपवून ठिवलीय, बराबर बसलीय. चाळीस-चाळीस किलो धरा. सव्वाशे किलोला थोडं कमी.

प्रविण : कुणी ठेवली? मामा, हा डाव हाय कुणाचा तरी. गेवराई तालुक्यात डिक्कीत वाळू घिऊन फिरतोय मी? चोरट्या वाळूवर तहसीलवाले किती कडक हायत माहीत हाय का तुमाला? मागच्या पंधरवड्यात नाक्यावर पथकानं थांबवली होती गाडी. मी त्यांना म्हणलं, बघा साहेब, उघडून बघा, फक्त वास सोसा. त्यांनी नाकाला रुमाल लावून जा म्हणलं. उघडली असती तर मी आज कुठं असतो?

म्हाळू : यष्टीत.

प्रविण : हसण्यावारी नेऊ नका. आबा, तुमी लोकर ठेवायला गेलता तवा कुणी दिसलं होतं का गाडीपाशी? आबा? तुमी खाली कावून बघायलात?

गहिनीनाथ : मीच ठिवली.

प्रविण : काय?

गहिनीनाथ : वाळू. मी ठिवली. वढ्यातली हाय, आपल्याच. चोरीची न्हाई.

प्रविण : कावून?

गहिनीनाथ : मिस्तरी, उनाड कालवड असली, सारखी कळप सोडून रस्त्यावर पळणारी, तर काय करत्यात तुमच्याकडं?

म्हाळू : गळ्यात लाकडाचा ओंडका बांधत्यात. लोढणं. पळाया लागली की गुडघ्याला लागतंय, मग आपोआप सावकाश चालती.

गहिनीनाथ : तेच केलं मी. ह्याच्या गळ्यात बांधता येईना, गाडीच्या बांधलं.

प्रविण : लोढणं? माझ्या गाडीला तुमी लोढणं बांधलं?

गहिनीनाथ : आधी एकच गोणी ठिवली. आठ दिवस बघितलं, तुझा काही फरक न्हाई. मग दुसरी ठिवली. मग जरा गाडी डुलाया लागली, तर वाटलं, आता भ्याल, हळू चालवंल. तर तू मोबाइलवर व्हिडिओ टाकाया लागलास. मग त्या खड्ड्यातलं चाक काढून तिसरी.

प्रविण : चाक काढून? म्हणजे मी इतके महिने बिनास्टेपनीचा फिरतोय? चाक कुठं हाय ते?

गहिनीनाथ : मेंढवाड्याच्या फाटकाला. टेकू म्हणून.

प्रविण : ते? ते आपलं चाक हाय? त्याच्यावर बसून तर मी रोज सकाळी दात घासतो.

गहिनीनाथ : मला वाटलं, तुला माहीत हाय.

म्हाळू : जावईबापू, पाणी घ्या. थोडं तोंडावर पण मारा.

प्रविण : मला पाणी नको. चारशे लोक, मामा. चारशे लोकांनी तीन दिवस डोकं लावलं. एकानं चाकांचा कोन काढून दिला. एकानं कागदावर हिशेब करून पाठवला, गाडीचं वजन कुठून कुठं जातं म्हणून. आता त्यांना काय सांगू, बापानं वाळू भरली होती?

म्हाळू : हिशेब बराबर असंल त्याचा. फक्त तीन गोण्या धरायच्या ऱ्हायल्या.

प्रविण : आबा, तुमाला सांगता येत न्हवतं का? तोंडानं? प्रविण, हळू चालव. एवढे तीन शब्द.

गहिनीनाथ : सांगितलं.

प्रविण : कवा?

गहिनीनाथ : योगिताला बाळंतपणाला माहेरी सोडाया आलतो त्या दिवशी. सातवा सरला हुता तिला. तू चालवत हुतास, ती तुझ्या शेजारी, मी मागं. गेवराईच्या पुढं म्हणलं, हळू घे. बीडात म्हणलं. आन पालीच्या धरणाच्या वळणाच्या आधी पुन्हा म्हणलं. तू म्हणलास, आबा, गाडी मेंढरागत चालवायची नसते.

प्रविण : मी असं म्हणलो?

गहिनीनाथ : मेंढरागत चालवायची नसते, असंच म्हणलास. मग वळण आलं. तू तसंच घातलं. गाडी सगळी एका अंगावर गेली. मी दाराला जाऊन आदळलो, त्याचं काही न्हाई. पण योगितानं एक हात पोटावर ठिवला हुता आन दुसऱ्या हातानं ते वरचं हँडल धरलं हुतं. बोटं पांढरी पडली हुती तिची. आन त्या वळणात तिनं मागं वळून बघितलं, प्रविण. माझ्याकडं बघितलं. तुझ्याकडं न्हाई.

प्रविण : ती मला काही बोलली न्हाई.

गहिनीनाथ : बोलली की. जरा सावकाश, म्हणली. तू गाण्याचा आवाज वाढवलास. मला भ्या वाटलं रे लेका. घरी येऊन मला दोन रात्री झोप न्हाई. बोलून तू ऐकत न्हाईस, आन मारायचं वय न्हाई तुझं. मग मला जे येतंय ते मी केलं. तिसऱ्या दिवशी वढ्यावर गेलो, गोणी भरली.

म्हाळू : जावईबापू, बसा खाली. खोक्यावर बसा, चालंल, आत लोखंडच हाय.

प्रविण : मामा, तुमी खरं सांगा. आता वाळू काढली की गाडी चांगली होईल का?

म्हाळू : होईल. टायर बरे हायत. शॉकप गळत न्हाईत, तुमी बाप-लेक बोलत हुता तवा मी खाली घुसून हात लावून बघितलं. मागचं एक बुश फाटलंय, वजनानं फाटलंय, तेवढं घालतो. हवा बराबर करतो. नाक खाली आलं की दिवा पण रस्त्यावर येईल. मग डिपर मारायचं बंद करतील लोक.

प्रविण : म्हणजे ते रिस्पेक्ट…

म्हाळू : डोळ्यावर उजेड पडत हुता त्यांच्या. शिव्या घालत असतील.

प्रविण : अन् मी हात करत होतो.

गहिनीनाथ : मिस्तरी, एक विचारू का?

म्हाळू : विचारा की.

गहिनीनाथ : ही जी गाडी डुलत हुती, पुढची चाकं हलकी पडत हुती म्हणतोय हा. ते माझ्या वाळूनं का?

म्हाळू : आता तुमी पाव्हणं. तुमच्यापुढं लपवून काय करू? वाळूनंच. वजन सगळं मागच्या चाकाच्याही मागं पडलं, पुढचं अंग उचललं. वळणाला, ब्रेक मारताना, गाडी हाताशी ऱ्हात न्हाई मग. कालवडीला लोढणं चालतंय, ती चार पायांवर हाय. गाडीला उलटं झालं.

गहिनीनाथ : म्हणजे ह्याला वाचवाया गेलो, आन मीच…

म्हाळू : निम्मं तुमचं.

गहिनीनाथ : आन निम्मं?

म्हाळू : निम्मं ह्यांच्या उजव्या पायात हाय.

प्रविण : बास मामा. कळलं.

म्हाळू : कळलं असंल तर एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या चारशे जणांनी सांगितली न्हाई. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा. वळणात न्हाई. आधी ब्रेक, मग गाडीला बसू द्यायचं, दम घिऊ द्यायचा, मग वळवायची. आन वळण संपत आलं की मग पाय द्यायचा. तुमी वळणात शिरता जोरात आन मधी गेल्यावर भिऊन ब्रेक मारता. म्हणून माणसं दारावर आदळत्यात. ती स्प्रिंग काय करंल त्यात?

गहिनीनाथ : मेंढरं पण आधी थांबवावी लागत्यात. मग वळवायची.

प्रविण : म्हणजे मेंढरागतच चालवायची. बोला, आबा. बोला, तुमचा दिवस हाय आज.

गहिनीनाथ : मी काही म्हणलो न्हाई.

म्हाळू : ह्या गोण्या मला सोडा, ग्यारेजपुढं चिखल होतोय. चला, बुश घालतो, अर्धा घंटा लागंल. तोवर योगिताला फोन लावतो. हॅलो. हां, योगिता, मी म्हाळूमामा. बघितली गाडी. खालून, वरून, डिक्कीतून, सगळी बघितली… गाडी चांगली हाय. हो, गाडीला मी हो म्हणतो… चालवणाऱ्याचं? ते मी कसं सांगू बाई, मी गाडीचा मिस्तरी… रडायलीय का सायली? घे, घे तिला… हां, बोल… अस्सं. बरं. विचारतो. ठिव.

प्रविण : काय म्हणली?

म्हाळू : म्हणली, गाडीचं कळलं. आता एवढंच विचारा, आबा गाडीत बसले का? आबा त्या गाडीतनं दारात उतरलेले दिसले तर मी येते. न्हाईतर पिकअप.

प्रविण : आबा.

गहिनीनाथ : माझी यष्टी हाय तीनची.

प्रविण : आबा, चारला पंचवीस मिनिटं कमी असताना पालीत यष्टी पोचंल, आन मी रिकामी गाडी घिऊन तिच्या दारात उभा ऱ्हाईन. बघवंल का तुमाला?

गहिनीनाथ : पिकअपला काय झालंय?

प्रविण : पिकअपला काही झालं न्हाई. मला झालंय. माझी लेक माझ्या गाडीत माझ्या घरी आली पाहिजे, आबा. त्या स्प्रिंगा काय मी रेसला आणल्या का? योगिता न बोलता माझ्या गाडीत बसायचं टाळती, म्हणून आणल्या. मला वाटलं, गाडी झुकली न्हाई की ती बसंल. मला दुसरं काही सुचलं न्हाई. तुमाला वाळू सुचली, मला स्प्रिंगा सुचल्या. चूक झाली माझी. त्या दिवशी पण चूक झाली. हात जोडतो, पण बसा.

गहिनीनाथ : हात जोडू नको. लोक बघत्यात.

प्रविण : बघू द्या.

गहिनीनाथ : मिस्तरी.

म्हाळू : बोला पाव्हणं.

गहिनीनाथ : वजन मागं ठिवलं म्हणून बिघडलं म्हणता. पुढं ठिवलं तर?

म्हाळू : किती वजन?

गहिनीनाथ : पासष्ट असंल. मागं दवाखान्यात भरलं हुतं.

म्हाळू : पासष्ट किलो पुढच्या शिटावर? ड्रायव्हरच्या शेजारी? झकास. त्या वजनानं गाडीचं काही बिघडत न्हाई. उलट बोलणारं वजन असलं तर लईच चांगलं.

प्रविण : पट्ट्यानं गुदमरल्यागत होतंय म्हणायचात ना?

गहिनीनाथ : पट्ट्यानं कुठं होत हुतं.

(तासाभरानं. मांजरसुंब्याहून पालीकडं येणाऱ्या रस्त्यावर, घाट उतरून झाल्यावर. गहिनीनाथ पुढच्या शिटावर.)

प्रविण : नीट बसलात का?

गहिनीनाथ : बसलोय. पट्टा गळ्याला घासतोय.

प्रविण : घासू द्या. लोढणं हाय ते.

गहिनीनाथ : गाणं लावलं न्हाईस आज.

प्रविण : इंजिन ऐकतोय. बुश नवीन घातलंय ना.

गहिनीनाथ : मागचा ट्रक लई वेळ झाला भोंगा वाजवतोय.

प्रविण : जाऊ दे त्याला. त्याला घाई असंल.

गहिनीनाथ : चाक परत गाडीत ठिवावं लागंल आता.

प्रविण : स्टेपनी? ठेवावी लागंल. घरी गेल्या गेल्या.

गहिनीनाथ : मग फाटकाला काय लावायचं? कोकरं बाहेर येत्यात.

प्रविण : ते खोकं लावा. जड हाय.

गहिनीनाथ : पुण्याचं?

प्रविण : पुण्याचंच. फाटक दोन इंच खाली गेलं तर सांगा मला.

गहिनीनाथ : ग्रुपवर टाकशील का त्याचं?

प्रविण : ग्रुपमधनं निघालो मी, आबा. बुश घालत होते तवाच निघालो. काही सांगितलं न्हाई, नुसता निघालो.

गहिनीनाथ : सांगितलं असतंस तरी चाललं असतं. माझं नाव घातलं असतंस.

प्रविण : न्हाई घातलं.

गहिनीनाथ : धरण दिसाया लागलं.

प्रविण : दिसलं.

गहिनीनाथ : वळण हाय.

प्रविण : माहीत हाय, आबा. आधी ब्रेक. हा. बसली गाडी. आता वळवतो.

गहिनीनाथ : हं.

प्रविण : आबा, वरचं ते हँडल सोडा की आता.

गहिनीनाथ : तू समोर बघ.

प्रविण : समोरच बघतोय. तुमच्याकडं बघता येत न्हाई, म्हणून विचारतोय.

गहिनीनाथ : घाटातच सोडलंय.